दहा बाय बाराचा कोबा

सरकारी नोकरीत किस्से कसे साचतात, हे मी एकतीस वर्षं पाहिलं. फायलीवर फाईल बसते तसा किश्श्यावर किस्सा बसतो आणि खालचा कोणी काढतच नाही. मी एका कार्यालयाच्या बांधकाम शाखेत कारकून होतो. शाळांच्या खोल्या, दवाखान्यांचे व्हरांडे, समाजमंदिरांचे ओटे, सगळ्यांची जमीन माझ्या टेबलावरून गेली. ओलं काँक्रीट मात्र मी एकदाही पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या घरात एका खोलीचा कोबा करायला काढला, आणि एकतीस वर्षांत जमले नाहीत तेवढे किस्से तीन आठवड्यांत जमले. आता मेडशीत आमच्याकडे चहाला कोणी आलं की खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणतं, "बाबूजी, ते कोब्याचं सांगा बरं!"

आधी कारण सांगतो, कारण ते हसण्यासारखं नव्हतं.

माझी थोरली बहीण, अक्का, किन्हीराजा गावात एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर, बोलणं चाळिशीतलं. अंगणात पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं, अकोल्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन चालतील, पण जमीन सपाट पाहिजे. पुन्हा पडल्या तर मग अंथरूणच. अक्कानं तीन आठवडे अकोल्यात तिच्या मुलीकडे राहायचं आणि मग आमच्याकडे यायचं, असं ठरलं. मला अजून नावानं हाक मारणारी ती एकटीच उरली आहे. दवाखान्याच्या खाटेवरूनच तिनं अट घातली.

"बबन, मी येईन. पन संडासले माही मी जाईन. कोनी हात धराले आलं, तं त्याच दिशी किन्हीराजाची गाडी पकडीन!"

आणि ती पकडेल, याबद्दल घरात कोणालाही शंका नव्हती.

आमच्या मागच्या खोलीला लागूनच संडास-बाथरूम आहे. पण तिथली फरशी म्हणजे काही लाद्या उठलेल्या, काही बसलेल्या, दोन डुगडुगणाऱ्या. आम्ही नवरा-बायको सवयीनं त्यावरून चालायचो, पाहुणे नाचायचे. वॉकरचे चार पाय तिथे चार वेगवेगळ्या उंचीवर टेकले असते. म्हणून कोबा.

*

परसराम मिस्त्रीला काम तोंडी सांगणं माझ्या स्वभावात बसेना. मी एक पानभर लेखी सूचना काढली. "सदर खोलीतील जुनी फरशी काढून टाकण्यात यावी. सदर खोलीत मुरूम भरून दाबून घेण्यात यावा. सदर खोलीतील कोबा समपातळीत करण्यात यावा." अशी अकरा कलमं. खाली सही, तारीख.

मिस्त्रीनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग उठला, छपरीत गेला, माजघरात डोकावला, मागची खोली पाहिली, पार घरामागच्या सांधवाडीपर्यंत चक्कर मारून परत आला.

"बाबूजी, छपरी पाह्यली, माजघर पाह्यलं, मांगची खोली पाह्यली. सदर कुठी हाय?"

माझी बायको शोभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "सदर त्यायच्या हापिसातच राह्यली, मिस्त्री. तुमी मांगच्या खोलीत करा!"

एकतीस वर्षं मी प्रत्येक कागदावर 'सदर' लिहिलं. ते कुठे आहे, असं विचारणारा हा पहिलाच माणूस. साहेबांनीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

*

जुनी फरशी उकरायला सुरुवात झाली. पहिली लादी निघाली आणि मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. खाली मुरूम नाही, काही नाही. नुसती काळी माती आणि तिच्यावर थोडं सिमेंट शिंपडलेलं.

"हे काय काम झालं? इथी मुरूम नाई, तिथी पोकय! आरे, ज्या मानसानं हे केलं त्याले थापी धराची अक्कल होती का?"

मिस्त्री दुसऱ्या लादीला अधिक जोरात बोलला, तिसरीला त्याहून. मिस्त्रीच्या हाताखाली काम करणाऱ्या कांताबाई घमेलं घेऊन उभ्या होत्या. वीस वर्षं हेच काम करतात. त्यांनाही राहवेना. "कोन होता जी तो मिस्त्री?"

"आपल्या मिस्त्रींचेच वडील," मी म्हणालो.

मिस्त्रीनं हातातली लादी हळूच खाली ठेवली, तिच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाला,

"तवाची मातीच मजबूत होती, बाबूजी. मुरमाची गरजच नोती!"

*

रेती आली. ट्रॅक्टरवाल्यानं ती आमच्या दारासमोर टाकायची तर शेजारच्या देवराव गुरुजींच्या दारासमोर टाकली. गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांना घराबाहेर पडायला दोन दिवस रेतीचा डोंगर चढावा लागला, आणि वर पोचले की ते थांबून गावाकडे पाहायचे. सवय! समोर वर्ग बसला आहे असंच त्यांना वाटत असावं.

मी एका पुस्तकात वाचलं होतं, की काचेच्या बाटलीत रेती आणि पाणी घालून हलवावं आणि ठेवून द्यावं. रेती खाली बसते, माती वर बसते. मातीचा थर जाड असला तर रेती परत करावी. मी तसं केलं. बाटली छपरीच्या खिडकीत ठेवली. दिवसभरात तीन जणांनी हे कोणत्या आजाराचं औषध आहे, म्हणून चौकशी केली. एकानं सकाळी घ्यायचं की जेवण झाल्यावर, तेही विचारलं.

संध्याकाळी मिस्त्री आला. "काय निकाल लागला, बाबूजी?"

"एक बोट माती निघाली," मी गंभीरपणे म्हणालो. "ही रेती परत करावी लागेल."

"येकच बोट?" मिस्त्रीचा चेहरा उजळला. "मंग ठेवून घ्या, बाबूजी! मागच्या घरी तं रेतीच येक बोट निघाली होती!"

*

आता खरा मुद्दा, लेव्हलचा.

आमच्या भागात जमीन नुसती सपाट कोणी करत नाही. बाया घर धुतात, मग पाणी बाहेर गेलं पाहिजे, म्हणून प्रत्येक खोलीला ढाळ असतो. तो इतका अंगवळणी पडला आहे, की मिस्त्री त्यालाच लेव्हल म्हणतो. मला हे माहीत नव्हतं. मी आपला रोज बजावत होतो, "मिस्त्री, लेव्हल पाहिजे बरं!" आणि तो रोज म्हणत होता, "येकदम लेव्हल, बाबूजी!"

मुरूम दाबून झाल्यावर त्यानं विचारलं, "मंग पानी कुकडं काढाचं?"

"पाणी कुठेच काढायचं नाही. लेव्हल करायची."

"थे समजलं. पन घरची लेव्हल का सरकारी लेव्हल?"

"फरक काय दोन्हींत?"

"सरकारी लेव्हलवर पानी साचते, बाबूजी. घरच्या लेव्हलवर वाहते!"

शोभा लगेच पुढे आली. "माह्याकडून सांगतो, मिस्त्री. बादली टाकली का पानी न्हानीकडं गेलं पायजे."

"हो जी," मिस्त्री म्हणाला.

तेवढ्यात रेतीचा डोंगर उतरून गुरुजी आले. त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं. ते त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेला निरोप देताना आठवण म्हणून आणलं असावं. "पाण्याचा उतार ईशान्येलाच हवा. शास्त्र आहे."

"हो जी," मिस्त्री म्हणाला.

मी ओरडलो, "अहो, अक्का त्यावर वॉकर घेऊन चालणार आहे! उतारावर वॉकर सरकला आणि ती पडली, तर?"

कांताबाईंनी विचारलं, "वॉकरले चाकं हायेत का, बाबूजी?"

"नाहीत."

"मंग पयते कुठी थो?"

मी तरीही ऐकलं नाही. सपाट म्हणजे सपाट, एवढंच बोललो.

"हो जी," मिस्त्री म्हणाला. आता तीन माणसांना तीन 'हो जी' मिळाले होते आणि खोली एकच होती.

*

काँक्रीटचा दिवस उजाडला. कांताबाई सिमेंट, रेती, गिट्टी कालवत होत्या. पाणी किती घालायचं यावर माझं वाचन झालेलं होतं. पाणी जास्त झालं की कोबा कच्चा राहतो. मी हातात मग घेऊन उभा राहिलो आणि कोणालाही बादलीला हात लावू देईना.

"मुठीत दाबलं की लाडू व्हायला हवा," मी म्हणालो.

"वैनी," कांताबाईंनी घरात हाक दिली, "बाबूजीले येक लाडू देऊन बसवा बरं घरात! तोवर मी कालवून घेतो."

आमचं सगळ्यांचं लक्ष या भांडणात. तिकडे खोलीत मिस्त्री एकटा कोबा पसरत, थोपटत, घोटत चालला होता. गुरुजींनी त्याला सकाळीच गाठून सांगितलं होतं, की कामाची सुरुवात ईशान्येकडून कर. ढाळाचं मी त्यांचं ऐकलं नव्हतं, तेव्हा निदान सुरुवात तरी शास्त्रानं व्हावी. मिस्त्रीनं गुरुजींचा मान राखला. आता, आमच्या त्या खोलीचं दार ईशान्येला आहे.

दुपारी मी डोकावलो, तर दारापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत आरशासारखा कोबा, आणि त्या टोकाला, कोपऱ्यात, उपड्या घमेल्यावर परसराम मिस्त्री बसलेला! मधे दहा-बारा फूट ओलं सिमेंट. खिडकीला गज. जवळ संडास होता, एवढीच काय ती सोय.

"मिस्त्री, बाहेर कसे येणार?"

"तेच इचार करून राह्यलो, बाबूजी."

"फळी टाकू का?"

"फळी नोको! खुना पडतीन. घोटाई पाहा नं कशी आली! जमू द्या जरासं."

तीन तास तो आपल्या घोटाईकडे पाहत बसला. कांताबाईंनी बांबूच्या टोकाला पिशवी बांधून त्याच्यापर्यंत चहाची बाटली पोचवली. बातमी पसरली. माणसं दारातून पाहून जाऊ लागली. एकानं फोटो काढला, तेव्हा मिस्त्रीनं थापी हातात धरून केस नीट केले.

मी गुरुजींना बोलावून आणलं. म्हटलं, पाहा तुमच्या ईशान्येचा प्रताप! गुरुजींनी दारात उभं राहून होकायंत्र काढलं, सुई स्थिर होऊ दिली आणि समाधानानं मान हलवली.

"उत्तम. नैऋत्येला जड वस्तू असावी, असं शास्त्रातच आहे!"

*

कोबा झाला की त्यावर सात दिवस पाणी साचवून ठेवावं लागतं. मेडशीत नळाला पाणी कधी येतं, हे नळालाही माहीत नसतं. शोभा म्हणाली, "मानसाले प्याले पानी नाई, आन् जमिनीची सात दिवस आंघोय!"

काम शिस्तीत व्हावं म्हणून मी दारावर तक्ता लावला. तारीख, वेळ, पाणी भरणाऱ्याचं नाव, सही. दोन दिवसांनी शोभानं तक्ता वाचला. "म्हंजे पानी मी भराचं आन् सही तुमी कराची. हापिसातबी असंच चाले का?"

मी तक्ता काढून टाकला.

चौथ्या दिवशी त्या पाण्यात एक बेडूक राहायला आला. कांताबाईंनी त्याला पाहिलं आणि म्हणाल्या, "बाबूजी, आता मासोळ्या सोडा अन् योजनेत अर्ज टाका. फारम तं तुमाले भरता येतेच!"

रोज दुपारी अकोल्याहून अक्काचा व्हिडिओ कॉल यायचा. भाची मोबाईल धरायची.

"तुहं तोंड नोको दाखवू, बबन. जमीन दाखव."

मी जमीन दाखवली.

"वायली का?"

"नाही, अक्का. पाणी भरून ठेवलं आहे."

"पानी? मी चालाले येऊन राह्यली का पवाले?"

"अगं, सात दिवस पाण्यात ठेवलं की पक्की होते."

पलीकडून आवाज आला, "मंग डॉक्टरनं मले कायले नाई ठेवलं पान्यात? उगाच सळई टाकली!"

*

पाणी काढलं, खोली वाळली. मला एकच चिंता. मिस्त्रीनं शेवटी कोणाचं ऐकलं? शोभाचं, गुरुजींचं की माझं? मी स्वयंपाकघरातून एक लिंबू आणलं आणि कोब्यावर ठेवून पाहिलं. हललं नाही. चार ठिकाणी ठेवलं, कुठेच हललं नाही. माणूस सरकारी लेव्हलला एवढा खूश झाल्याचं दुसरं उदाहरण नसेल. त्या आनंदात लिंबू तिथेच विसरून मी बाहेर गेलो.

कांताबाई झाडायला आल्या, त्या दारातूनच मागे फिरल्या. सुन्या खोलीत, नव्या जमिनीवर, एकटं लिंबू!

"बाबूजी," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आपन जयभीमवाले. तुमीबी आता हे सुरू केलं का?"

मी त्यांना समजावलं, की हे लेव्हल तपासायचं साधन आहे. त्यांना ते पटलं नाही. त्या लिंबावरून झाडू न नेता बाजूनं झाडून गेल्या.

शोभानं लगेच बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी जागेवरून हललं नाही. तिनं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री माझ्याकडे पाहत म्हणाला, "वैनी, मी काय करू? माह्यापाशी लेखी हाय!"

*

अक्का येण्याच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, एकदा तालीम व्हायला हवी. गुरुजींनी त्यांच्या आईचा जुना वॉकर आणून दिला. मी खाटेवरून उठलो, वॉकर धरला आणि अक्कासारखा हळूहळू संडासाकडे निघालो. गुरुजी मोजत होते. "सात टप्पे! पुन्हा." मी चार वेळा गेलो-आलो.

खोलीची खिडकी मागच्या रस्त्याकडे आहे, हे आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. अर्ध्या तासात पहिला माणूस आला. मग दुसरा, तिसरा. एकानं बिस्किटाचा पुडा आणला, एकीनं शोभाला जवळ घेऊन धीर दिला. "नव्या कोब्यावर पडले म्हन्तात."

मी त्यांच्यासमोर उभा होतो, दोन पायांवर, धडधाकट! तरी कोणी विश्वास ठेवीना. मला पाहायला सगळ्यांत शेवटी परसराम मिस्त्री आला. धापा टाकत होता, चेहरा उतरलेला. त्यानं मला बाजूला सारलं, सरळ मागच्या खोलीत गेला आणि गुडघ्यांवर बसून जमिनीवरून हात फिरवला.

"तडा नाई गेला, बाबूजी," तो डोळे पुसत म्हणाला. "वाचलो!"

*

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अक्का आली. भाची आणि जावई तिला गाडीतून घेऊन आले. तिनं उंबऱ्याशी हात झटकले, कोणाचाही हात धरला नाही, आणि स्वतःच्या नव्या वॉकरवर टेकत माजघर ओलांडून मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

आम्ही सगळेच तिथे. शोभा, मी, गुरुजी, कांताबाई. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. अक्का खाली पाहत होती. ओठ घट्ट मिटलेले, वॉकर धरलेल्या बोटांची पेरं पांढरी पडलेली. ती घाबरली आहे, हे माझ्या लक्षात आलं. जन्मात पहिल्यांदा मी तिला घाबरलेलं पाहत होतो.

"हळूच, अक्का," मी म्हणालो.

"आधी बरा पाय टाका," भाचीचा नवरा म्हणाला.

"नजर समोर ठेवावी," गुरुजी म्हणाले.

"अक्का, मी हाय मांगं," शोभा म्हणाली आणि हात पुढे केला.

अक्कानं मान वर केली. एकेकाकडे पाहिलं.

"सगये बाहीर व्हा."

"अगं, पण..."

"बबन! लग्न लागून राह्यलं का इथी? मले संडासले जाचं हाय. दार लोटा."

आम्ही बाहेर आलो. दार लोटलं. दाराबाहेर सात माणसं कान लावून उभी!

टक्. मग पाय घासल्याचा आवाज. टक्. मग पाय. टक्. गुरुजी बोटांवर मोजत होते. चार झाले. खोलीचा मध्य.

मग आवाज थांबला.

आम्ही वाट पाहिली. काहीच नाही. शोभानं माझा दंड धरला, तो दुखेपर्यंत. मिस्त्री अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बाबूजी, लिंबू लावून पाह्यलं होतं नं तुमी?" गुरुजींची बोटं चारवरच थांबली होती.

"अक्का?" मी हाक मारली. उत्तर नाही. मी दारावर हात ठेवला. ढकललं आणि ती आत उभी असली, तर संध्याकाळी ती किन्हीराजाला. नाही ढकललं आणि ती पडलेली असली, तर... मी तसाच उभा राहिलो. एकतीस वर्षं निर्णय वरच्या टेबलाकडे पाठवण्यात गेली होती. आता वरचं टेबल नव्हतं.

आतून बादलीत मग आपटल्याचा आवाज आला. मग पाणी ओतल्याचा.

शोभानं दंड सोडला. भाची पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. "गेली, गेली!" कांताबाई म्हणाल्या. आता परतीचे टक् टक् ऐकायला आम्ही पुन्हा कान लावले.

एकही टक् आला नाही.

बऱ्याच वेळानं दार आतून उघडलं. दारात अक्का उभी. एक हात चौकटीवर, पदर नीट घेतलेला, पायांना पाणी. तिच्या मागे, खोलीच्या बरोबर मध्यभागी, वॉकर एकटाच उभा होता.

तिनं आम्हा कोणाकडे पाहिलं नाही. इस्त्रीच्या शर्टातल्या मिस्त्रीकडे पाहून म्हणाली,

"जमीन बरी केली रे तू. पन ते मधात काय ठेवलं? येताजाता आडवं येते!"